नाव ऐकू येऊ नये म्हणून

पऱ्हाटीची बोंडं फुटली की नंदुरबारात सगळ्यांचे डोळे कापसाकडे लागतात. माझे कान लागतात. दसरा मागे पडतो, कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून पार वेशीपर्यंत जाते, एके सकाळी हंगामाचा पहिला भोंगा होतो आणि मी हातातलं काम टाकून दाराशी येते. आता खरं म्हणजे भिण्यासारखं काही शिल्लक नाही. तरी येते. वाळत घातलेल्या लुगड्यावर कापसाचे तंतू येऊन बसतात, तुळशीवर बसतात, झाकण उघडं राहिलं तर दुधावरही बसतात. लेक चिडून फडकं आपटते आणि म्हणते, "लागना सीझन." संध्याकाळी पोरं मैदानावर फुटबॉल खेळायला जमली की मी ओट्यावर येते आणि भिंतीला पाठ टेकून ऐकत बसते.

काळजी करणं हा माझा जन्माचा धंदा आहे. माहेर कोरीटचं, वडील तिथल्या शाळेत मास्तर, म्हणून चार अक्षरं लिहिता-वाचता आली. पण त्यांना माझ्या अक्षरापेक्षा माझ्या स्वभावाचीच जास्त आठवण राहिली. ते म्हणायचे, भरलेली विहीर दाखवली तर ही पोर विचारते, आटली तर? अशा मुलीला नवरा कसा मिळावा? एका जागी बसून राहणारा, वाण्याच्या तराजूसारखा. मला मिळाला तो धावणारा.

स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं, मुलगा जिनिंगमध्ये आहे. वडिलांनी विचारलं, कोणत्या कामावर? मध्यस्थ जरा घुटमळला. म्हणाला, "तसा बोजे उचलस, पन फुटबॉल चांगला खेयस." वडिलांना वाटलं, खेळ म्हणजे संध्याकाळची करमणूक. त्यांना काय ठाऊक की बोजे उचलणं ही करमणूक होती आणि खेळणं ही नोकरी. हे सारं दुसऱ्या लढाईच्या आधीचं. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या आसपास ज्या ज्या गावी जिनिंग होती, तिथल्या शेठ लोकांना फुटबॉलच्या टीमचा नाद लागला होता. कापूस कोणाचा किती आला हे लोक होळीपर्यंत विसरत, शिल्ड कोणी नेली हे मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत बोलत. म्हणून ज्याच्या पोटऱ्या घट्ट, त्याला शेठ हंगामापुरतं कामाला लावत, राहायला खोली देत. दिवसा त्याने कापसाची ओझी वाहायची आणि दिवस कलला की अनवाणी पायांनी मैदानात उतरायचं. होळी झाली की इंजिन थंड, टीम मोडली, खोली खाली करा.

आमचे हे मूळचे नवापूरकडचे. तिथल्या मिशनच्या मैदानावर कोण्या साहेबाने पोरांपुढे बॉल टाकला आणि त्या पोरांतल्या एकाचं आयुष्य त्याच्या मागे लागलं. लग्नाआधी हे दोंडाईचाला खेळले, मग शहाद्याला, मग पुन्हा नवापूरला. पावसाळ्यात पोलिसांना माणूस कमी पडला तर धुळ्याला जात, रेल्वेवाल्यांना पडला तर उधन्याला. ज्यांच्या पायात पाय घातला, पुढच्या हंगामात त्यांच्याच चुलीवर चहा प्यायचा. माझ्या पेटीत सदऱ्यांचे इतके रंग जमले होते की शेजारणी विचारायच्या, घरात पुरुष किती आहेत? एकच, मी म्हणायची, आणि तोही घरात नसतो.

यांचं नाव मात्र कुठल्या गावात गाजलं नाही. हे हाफबॅक होते. मैदानाच्या मधले. एकदा मी विचारलं, मधला म्हणजे करतो काय? हे जेवत होते. म्हणाले, पंगतीत वाढपी करतो ते. मागून आलेलं पुढे न्यायचं, ज्याला हवं त्याच्या पानात टाकायचं. लोक आचाऱ्याला नावाजतात, यजमानाला नावाजतात, वाढप्याचं नाव कधी निघतं? भात कमी पडला की, नाहीतर आमटी कोणाच्या अंगावर सांडली की. त्या दिवशी मला आमच्या संसाराची किल्ली मिळाली. मैदानावरून यांचं नाव ऐकू आलं, तर समजावं काहीतरी बिघडलं. चूक झाली असेल, नाहीतर हे पडले असतील. नाव ऐकू आलं नाही, तर सगळं बरं चाललं आहे.

बायका मैदानावर जात नसत. गुडघ्याच्या वर चड्ड्या चढवून पुरुष धावतात तिथं कोण बाई जाईल? मैदानावर बाई यायची ती एकाच कामाला, घरचं वाईट सांगायला. शहाद्याला एकदा एका फॉरवर्डची बहीण लाइनीपाशी येऊन उभी राहिली. तिने तोंडातून शब्द काढायच्या आधीच खेळ थांबला, कारण त्याची आई आजारी होती हे सगळ्यांना माहीत होतं. ही गोष्ट यांनी मला दोन-तीनदा सांगितली. दरवेळी हे शेवट न सांगताच उठून जायचे. त्यांचीही आई अशीच गेली होती, हे दुसऱ्या गावी खेळत असताना.

म्हणून मी घरात बसून खेळ ऐकायला शिकले. लांबलेला आणि हळूहळू वर चढणारा आवाज म्हणजे आपला माणूस बॉल घेऊन निघाला. मध्येच तुटला म्हणजे कोणीतरी काढून घेतला. सगळ्यांचा मिळून एक हुंकार म्हणजे बॉल बाहेरून गेला. शिट्टीनंतरची बडबड म्हणजे भांडण. आणि या सगळ्यात मी फक्त एक शब्द शोधत असायची, तो सापडू नये अशी प्रार्थना करत. तो शब्द मी स्वतः आयुष्यात एकदाच उच्चारला, लग्नात, उखाण्यात. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. अख्ख्या गावाने ते नाव घ्यावं आणि मी मात्र ऐकून घाबरावं, असा माझा वाटा होता. इथंही ते लिहिणार नाही. हात धजत नाही.

आता तो हंगाम.

नंदुरबारला आमचा तो पहिलाच हंगाम होता. जिनिंगच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. भिंतीपलीकडे गंगूआक्का राहायच्या, इंजिनाच्या फिटरची बायको. आयुष्य इंजिनाच्या शेजारी गेल्यामुळे त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून मैदानावर काय चाललंय ते त्या मला विचारायच्या. मला दिवस होते. फाल्गुन लागला तेव्हा आठवा चालू होता. आणि यांचा उजवा गुडघा सुजत होता.

सुरुवातीला हे बोलले नाहीत. पण संध्याकाळी परत येताना उंबऱ्यावर आधी कोणता पाय पडतो ते मी बघायची. नेहमी उजवा पडायचा, तो डावा पडू लागला. मग मी न विचारता रुईची पानं आणायला लागले. पानाला एरंडेल लावायचं, तव्यावर शेकायचं आणि गुडघ्यावर बांधून टाकायचं. सकाळी सूज उतरलेली असे, संध्याकाळी परत हजर. पाव्हण्यासारखी यायची. हे म्हणायचे, "काही नही, थोडं कडक व्हई जास." मी म्हणायची, "कडक तर भाकरी बी व्हस, पन ती उशिरा खाई म्हनीसन." हे हसायचे. मला हसू येत नसे. अनवाणी खेळणाऱ्याचा गुडघा गेला की माणूस आखाड्याबाहेरच्या पैलवानाइतकाही कामाचा राहत नाही, हे मला कळत होतं. पैलवानाला निदान तालीम तरी ठेवून घेते.

मला भीती कशाची होती ते सरळ सांगते. आदल्या वर्षी होळीनंतर खोली सोडून आम्ही बैलगाडीने दिराच्या गावी निघालो होतो. वैशाखाचं ऊन, खाचखळग्यांचा रस्ता. तेव्हाही मला दिवस होते. दिराच्या घरी पोचलो तेव्हा नव्हते. त्या गोष्टीवर आम्ही दोघं परत बोललो नाही, पण यांनी गाडीच्या चाकाकडे बघणं सोडून दिलं. या वर्षीची होळी आली की पुन्हा तेच. पुन्हा गाडी, पुन्हा वैशाख. गंगूआक्कांनी एकदा शेवग्याची फांदी आणून दिली, म्हणाल्या दारात लाव. मी ती भिंतीला टेकवून ठेवली. जिथं होळीनंतर राहायचं नाही तिथं झाड कशाला लावायचं?

आणि नेमकं त्याच हंगामात शेठच्या तोंडून एक वायदा निघाला. शिल्डच्या फायनलला टीम पोचली तेव्हा शेठ कापसाच्या ढिगाजवळ उभे होते. ते गुजरातकडचे, बोलणं थोडकं. यांना म्हणाले, "शिल्ड घेऊन ये. मग खोली तुझी, बारमाही. होळी झाली तरी तुला कोण उठवणार नाय." हे घरी आले आणि त्यांनी मला ते सांगितलं. सांगताना उंबऱ्यावर आधी उजवा पाय टाकला. मुद्दाम टाकला, मला कळलं.

फायनल रेल्वेवाल्यांशी होती. ते बूट घालून खेळत. बुटांच्या तळाला चामड्याच्या गुठळ्या ठोकलेल्या असत. आमच्याकडे नुसते पाय, घोट्याला फार तर चिंधी गुंडाळलेली. शेठने पंचांग काढून होळीच्या आधीच्या आठवड्यातला दिवस पक्का केला. हिशेब सरळ होता. होळीला मजूर घरी जातात, मग होळीच्या आधीच उरकून टाकू, सगळे हजर असतील.

सपाटीवरच्या माणसाने काढलेला हा हिशेब. सातपुड्यात होळी पंचांगात राहत नाही. एकेका गावाची होळी वेगळ्या दिवशी, काहींची आधी, काहींची नंतर. आणि होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भोंगऱ्याचे बाजार. डोंगरातला माणूस जिथं कुठं मजुरीला असेल तिथून त्या आठवड्यात घरी परततो. ढोल बाहेर निघतात, दाळ्या-गूळ घेतात, पोरी नटतात. आमच्या टीममधला सगळ्यात वेगवान फॉरवर्ड खेमा हा धडगावच्या वरच्या अंगाचा, पावरा जमातीचा, आणि त्याचा मामेभाऊ फुलबॅक. फायनलच्या दोन दिवस आधी खेमा आमच्या दारात येऊन उकिडवा बसला. घोंगडी खांद्यावर होती, म्हणजे निघालेलाच.

"दादा, आम्ही जाई ऱ्हायनूत," तो यांना म्हणाला. त्याची बोली वेगळी, पण आमच्यात राहून आमच्यासारखं बोलायला शिकला होता.

"शेठनी सांगं ना तुले? परवा मॅच शे."

"शेठनी होयी पंचांगमा शे. आमनी होयी पंचांगमा नही ऱ्हास." तो जमिनीकडे बघत होता. "मन्ही माय आजारी व्हती. मी नवस बोलेल शे. औंदा कमरले घुंगरं बांधीसन नाचनं शे. त्याना आधी पाळणूक शे, खाटवर झोपानं नही, कोनले शिवानं नही. आते नही गयू तर देव खोटा पडी."

मी आत चुलीपाशी होते. मला वाटलं हे त्याला थांबवतील. एक शब्द पुरेसा होता. खेमा यांना फार मानायचा, यांनी बॉल पुढे टाकला की त्याने धावायचं, हंगामभर दोघांचं तेच चाललेलं. पण हे म्हणाले, "जाय. नवस फेडनाच पडस."

खेमा गेला आणि मी बाहेर आले. माझा आवाज चढला होता. "तुम्हनं काय जात व्हतं सांगाले? दोन दिवस थांब म्हनता नही येत? त्याना बिगर शिल्ड कशी ई?"

"त्यानी माय शे."

"आनि मी कोन शे? आते ई ऱ्हायनं ते कोन शे?"

यांनी खेमा गेला त्या वाटेकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी मन्हा घरना करता त्याना देव खोटा पाडू का? तसं करीसन पोऱ्या सुखी ऱ्हास का?" मला पटलं नव्हतं. अजूनही, खरं सांगायचं तर, पूर्ण पटलेलं नाही. मी जाऊन तव्यावर रुईचं पान टाकलं.

फायनलच्या दिवशी दुपारनंतर जिनिंग बंद झाली. सगळे पुरुष मैदानावर. गंगूआक्का आणि मी ओट्यावर उडदाचे पापड लाटत होतो. आमच्या भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे बाभळीचं कुंपण आणि त्याच्या मागे मैदान. कुंपणातून दिसायचं काही नाही, धूळ तेवढी वर उडताना दिसायची. आमच्याकडून नऊच माणसं उतरली आहेत हे मला माहीत होतं. बदली माणूस घ्यायची तेव्हा रीत नव्हती आणि ऐनवेळी बॉलला पाय लावेल असा माणूस शेठला मिळाला नव्हता.

शिट्टी झाली. मी एकच पापड पुन्हा पुन्हा लाटत राहिले.

"काय म्हनी ऱ्हायनात?" आक्का.

"काही नही. आते लागनं."

आवाज येत होता तो सगळा स्टेशनच्या बाजूचा. रेल्वेची माणसं तिकडे बसत. त्यांचा आवाज चढायचा, तुटायचा, पुन्हा चढायचा. आमच्या बाजूची माणसं मुकी झाल्यासारखी. मग स्टेशनकडून एकदम भडका उडाल्यासारखी आरोळी आली आणि मी आक्कांना न विचारताच सांगितलं, "गोल व्हयना. आपलावर." पापड माझ्या हाताखाली इतका पातळ झाला होता की त्यातून पाट दिसत होता. गंगूआक्कांनी तो काढून पुन्हा गोळा केला. पण यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. मी त्यालाच धरून बसले. खोली जाईल, गाडी येईल, वैशाख येईल, ते नंतरचं. आत्ता हे उभे आहेत.

हाफटाइमची शांतता झाली. कुठूनतरी लिंबाचा वास आला असं मला वाटलं, ते खेळाडूंना लिंबं देतात म्हणून. मनाला काय, काहीही वाटतं. पोटातलं मूल त्या वेळी अगदी स्वस्थ होतं, त्याचीही मला काळजी वाटली. हलत का नाही?

दुसरा डाव सुरू झाला आणि बराच वेळ नुसती कुजबूज. सूर्य बाभळीच्या शेंड्यावर आला. आमच्या बाजूने एक आवाज हळूहळू चढायला लागला, लांबत चालला, आणि मग अख्ख्या मैदानाने, इकडच्या आणि तिकडच्याही माणसांनी, यांचं नाव घेतलं.

एकदा नव्हे. पुन्हा, पुन्हा.

इतक्या तोंडांनी ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बूट, गुडघा, मोडलेलं हाड, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. लाटणं गडगडत खाली गेलं. आक्का विचारत होत्या, "काय व्हयनं? काय व्हयनं वं बाई?" मी पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि कुंपणात गुरांनी पाडलेल्या फटीतून आत शिरले. बाभळीचा काटा हाताला लागला, ते घरी गेल्यावर कळलं.

पुरुषांची पाठमोरी रांग होती. पहिल्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि तो बाजूला झाला. मग दुसरा. बघता बघता वाट झाली आणि आरोळ्या बसत गेल्या. मला वाटलं, हे लोक गप्प होताहेत म्हणजे तेच झालं.

वाटेच्या शेवटी मैदान होतं आणि मैदानात हे दोन पायांवर उभे होते. अंगभर धूळ. गळ्यात दोघेजण पडले होते. हे हसत होते, तोंड उघडं टाकून, मला माहीत नसलेलं हसू. मग त्यांनी इकडे बघितलं. गर्दीतली वाट बघितली, लाइनीपाशी उभी असलेली बाई बघितली, माझं पोट बघितलं. ते हसू चेहऱ्यावरून उतरताना मी बघितलं. तसलं काही मला परत बघायला मिळू नये.

गळ्यातली माणसं झटकून हे धावत सुटले. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापासून. त्या धावण्यात लंगडणं नव्हतं.

"काय व्हयनं? दुखी ऱ्हायनं का?"

"तुम्हना पाय?"

"मन्हा पायले काय धाड भरनी? तुन्हं सांग."

"तुम्हनं नाव ऐकं मी. समदासना तोंडे."

हे माझ्याकडे बघत राहिले. छाती वरखाली होत होती. मग अगदी हळू, चोरी पकडली गेल्यासारखं म्हणाले, "गोल व्हयना. मी मारा."

खेमा नव्हता, पुढे धावायला कोणी नव्हतं, म्हणून मधला माणूस बॉल घेऊन पुढे गेला. टाकायचा कोणाकडे? म्हणून स्वतःच मारला. इतकी वर्षं खेळून यांचा तो पहिला गोल, आणि मी त्याला हाड मोडणं समजले.

मागे शिट्टी झाली, खेळ पुन्हा चालू झाला. हे परत वळले तर रेफ्रीने हात आडवा केला. न विचारता बाहेर गेला तो बाहेर. आता आत आठ आणि समोर अकरा.

तेवढा वेळ आम्ही दोघांनी मिळून खेळ बघितला. आयुष्यात तेवढाच. कोणीतरी झाडाखाली मला बसायला आपला कोट दुमडून दिला आणि सगळे पुरुष नजर दुसरीकडे लावून उभे राहिले, तरी माझ्याभोवती जागा सोडून. हे माझ्या शेजारी उभे. तेव्हा मला कळलं की हा माणूस माझ्याहून भित्रा आहे. बॉल आमच्या गोलाकडे आला की डोळे मिटून घ्यायचे आणि मला विचारायचे, "गया का?" मी सांगायची, "नही. बाहेर गया." पुन्हा डोळे मिटायचे. आठजण गोलापुढे भिंत करून उभे होते, बूट त्यांच्यावर येऊन आदळत होते, आणि प्रत्येक वेळी मी सांगत होते, नही, नही गया. पोटातलं मूल मात्र आता जोरजोरात लाथा मारत होतं. मी ते यांना सांगितलं नाही, नाहीतर यांना पुन्हा दुसरं काहीतरी वाटलं असतं.

उजेड गेला तेव्हा रेफ्रीने शेवटची शिट्टी दिली. दोघांचा एकेक गोल. वाढीव खेळायला उजेड नाही, म्हणून शिल्ड दोघांत वाटली, सहा महिने एकाने ठेवायची, सहा महिने दुसऱ्याने. आधी कोणी, याला नाणं उडवलं. ते शेठच्या बाजूने पडलं.

गावात मग एक म्हण झाली. भाजीला गेले तरी कोणी ना कोणी म्हणायचं, "वैनीनी शिल्ड अर्धी करी टाकी." हे आत असते तर जिंकलो असतो, असं अर्धं गाव म्हणे. यांचा गुडघा त्याच दिवशी मोडला असता, असं उरलेलं अर्धं म्हणे. दोन्ही बाजूंची माणसं आमच्याच ओट्यावर बसून भांडायची आणि चहा मला करावा लागायचा.

शेठ तर व्यापारी. यांना बोलावून म्हणाले, "शिल्ड अर्धी आली, तर वायदा पण अर्धा. शिल्ड सहा महिने आपल्याकडे, खोली पण सहा महिने तुझी." सगळी जिनिंग हसली. हे मान खाली घालून घरी आले. मी बोटांवर महिने घालून बघितले. फाल्गुनापासून भाद्रपदापर्यंत. म्हणजे वैशाख त्यात येत होता. पावसाळा येत होता. मी बाहेर गेले, भिंतीला टेकवलेली शेवग्याची फांदी उचलली आणि दाराशी खड्डा खणून पुरून टाकली. इतके दिवस उन्हात राहून ती वाळली असेल असं वाटलं होतं, पण आतून हिरवी होती.

लेक वैशाखात झाली, त्याच खोलीत, गंगूआक्कांच्या हातांवर. बाहेर गाडी उभी नव्हती. पावसाळ्यात जिनिंगचं इंजिन उघडतात, साफ करतात, जोडतात. फिटर एकटे पडत होते, त्यांनी यांना हाताखाली घेतलं. शिल्ड भाद्रपदात स्टेशनकडे गेली, पण तोवर इंजिनाला यांची सवय झाली होती, आणि दिवाळीला हंगाम लागला तेव्हा खोली खाली करा असं म्हणायचं शेठना सुचलंच नाही. त्याच हंगामात खेमा परत आला, आई ठणठणीत असल्याचं सांगत. त्याने शेवगा बघितला, पाळण्यातली पोर बघितली आणि विचारलं, "शिल्ड कोठे शे?" हे म्हणाले, "टेसनमा. मन्हा वाटानी इठे शे."

गुडघा पुन्हा नीट झाला नाही. यांचं खेळणं कधी थांबलं ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मधल्या माणसाचं तसंच असतं. एक दिवस तिथं दुसरा उभा असतो. संध्याकाळी भोंगा झाला की हे तेलकट हातांनी मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि बॉल गोलाकडे गेला की डोळे मिटायचे, हे मला इतरांनी सांगितलं.

हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ऐन हंगामातच गेले, कापूस उडत होता. माणसं भेटायला आली, त्या एका गोलाविषयी बोलली, अर्ध्या शिल्डविषयी बोलली, आणि मग हळूहळू ते बोलणंही थांबलं. ज्यांनी बघितलं होतं तेही एकेक करून गेले. आता मैदानावर खेळणाऱ्या पोरांना यांचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही.

या वर्षीही गाड्या आल्या. शेवग्याला फुलं आहेत आणि फुलांवर कापूस बसला आहे. संध्याकाळ झाली की मैदानावरून आवाज यायला लागतात. चढणारा आवाज, तुटणारा आवाज, शिट्टी, भांडण. पोरं एकमेकांना हाका मारतात आणि मी ती सगळी नावं एकेक करून ऐकते. कान अजून तेच करतात. त्यात ते एक नाव येत नाही. मग आपोआप छातीतला श्वास सुटतो, पूर्वी सुटायचा तसाच.

काल लेक दिवा घेऊन ओट्यावर आली. तीच, वैशाखातली. मी अंधारात बसलेली बघून म्हणाली, "माय, इतलं काय ऐकी ऱ्हायनी?"

"काही नही," मी म्हटलं. "बरं चाली ऱ्हायनं."